प्रौढांचे वर्ग ओस कां पडतात ?

ता. ३० मे २०२५ रोजीं, आपल्या घटकराज्यदिनाचें निमित्त साधून, गोवें संपूर्ण साक्षर झाल्याचें तेथील सरकारनें जाहीर केलें. त्याच महिन्यांत मिझोरामनें, आणि जवळ जवळ वर्षभर आधीं लडाखनें, हा मान मिळविला होता. शेंकडा ९५ माणसें साक्षर झालीं म्हणजे ही पदवी लावतां येते असा संकेत आहे. उरलेल्या पांचांचें काय, हा कुत्सित प्रश्न या प्रसंगीं आम्ही विचारीत नाहीं. आमच्या गोमंतकीय बांधवांचें आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतों आणि लगेच महाराष्ट्राकडे वळतों. २०११ च्या खानेसुमारींत, पुढारलेला म्हणविणाऱ्या या आमच्या प्रांतांत, सात वर्षांवरील दर चार स्त्रियांपैकीं जवळ जवळ एक निरक्षर निघाली. त्यांपैकीं ज्या आज पन्नाशी-साठीच्या घरांत आहेत त्यांना मुलांची शाळा कितीही सुधारली तरी तिचा उपयोग नाहीं. त्यांच्यासाठीं प्रौढांचाच वर्ग पाहिजे. आणि प्रौढांच्या वर्गाची रीत अशी कीं तो हारतुऱ्यांनीं उघडतो, तिसऱ्या आठवड्यांत अर्धा होतो आणि पहिल्या सुगीला बंद पडतो.

वर्ग ओस पडला म्हणजे चालकांचें उत्तर ठरलेलें असतें. लोकांना गोडी नाहीं. दिवसभर राबून आलेला मनुष्य पेंगतो. बायकांना चूल सोडवत नाहीं. उतारवयांत अक्षर डोक्यांत शिरत नाहीं. वकिलीच्या धंद्यांत एका पक्षाची हकीकत ऐकून निकाल सांगण्याची मनाई असते, म्हणून आम्हांस असें विचारावेंसें वाटतें कीं, या खटल्यांत प्रतिवादीची जबानी कोणीं घेतली आहे ? जो मनुष्य आठ दिवस आला आणि नवव्या दिवशीं आला नाहीं, त्याच्या घरीं जाऊन 'आपण कां येईनासे झालांत' असें किती शिक्षकांनीं विचारलें असेल ? हजेरीपुस्तकांत त्याच्या नांवापुढें फुली पडते, आणि ती फुली त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाते.

निरक्षरास अक्षराचें महत्त्व कळत नाहीं, तें आधीं व्याख्यानें देऊन पटविलें पाहिजे, ही समजूत तर इतिहासाच्या विरुद्ध आहे. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें रयत सावकारांवर उठली आणि तो दंगा पुणें व नगर जिल्ह्यांत पसरला. दंगेखोरांचा मुख्य रोख सावकाराच्या देहावर किंवा दागिन्यांवर नसून कर्जरोख्यांवर होता. रोखे बाहेर काढावयास लावावे आणि जाळावे, हाच गांवोगांवचा क्रम. ज्यांना त्या कागदांतील एक ओळ वाचतां येत नव्हती त्यांनीं नेमका कागदालाच हात घातला. लिहिलेल्या अक्षराची सत्ता त्यांच्याइतकी दुसऱ्या कोणास समजली होती ? पुढें १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांचा कायदा झाला, त्यांत कुळानें लिहून द्यावयाचा दस्तऐवज गांवच्या नोंदणी-अंमलदारासमोर व्हावा असें कलम घालावें लागलें. कारण न वाचतां केलेल्या निशाणीखालीं काय काय लिहिलें जाई हें सरकारासही कळून चुकलें होतें. (आमच्या वाचकांत सावकारी पेढ्यांचे वंशज पुष्कळ आहेत, त्यांनीं रागावूं नये. हा सर्व मजकूर जुन्या सरकारी चौकशींतला आहे.)

आजही दस्ताच्या तळाशीं 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' असें लिहिलेलें आढळतें, आणि त्याच्याच वर 'मजकूर वाचून पाहिला, समजला, बरोबर आहे' ही ओळ असते. अशा मनुष्यास मजकूर खरोखर समजला होता काय, याची चौकशी न्यायालयें करतात हें खरें. कायद्याची ही सावली बरी आहे. पण ती मिळण्याकरितां आधीं फसावें लागतें आणि मग वर्षानुवर्षें कोर्टाची पायरी चढावी लागते. अंगठा उठविणाऱ्यास हें सर्व ठाऊक असतें. त्याला गोडी नाहीं असें म्हणणें म्हणजे तहानलेल्यास पाण्याचें महत्त्व सांगण्यासारखें आहे. तो वर्गांतून उठून गेला, तर तेथें जें वाढलें गेलें तें पाणी नव्हतें, इतकेंच सिद्ध होतें.

मग काय वाढलें जातें ? बदक, मगर, घर. सहा वर्षांच्या मुलास 'बदक' हा शब्द वाचतां आला म्हणजे आनंद होतो, कारण त्याचें जग तेवढें आहे. तीस वर्षें मंडईत बसून जिनें चार लेकरें वाढविलीं, दोन लग्नें केलीं आणि नवऱ्याचें कर्ज फेडलें, त्या बाईस बदकाशीं काय कर्तव्य ? त्यांतही शिकविणारा बहुधा विशी-बाविशींतला. तो तिला नांवानें हांक मारतो, चुकली तर हंसतो, आणि बरोबर आलें तर 'शाब्बास' म्हणतो. आमच्या मतें हें शाब्बास त्या हंसण्याहून वाईट. कारण हंसण्यांत निदान बरोबरीचा अविचार असतो. २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या आमच्या राज्यघटनेनें निरक्षरास मताचा अधिकार देतांना त्याची कसलीही परीक्षा घेतली नाहीं. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकींत मतपेटीवरील चिन्ह पाहून कोट्यवधि निरक्षरांनीं या देशाचें सरकार निवडलें. ज्याला राज्य निवडण्यास योग्य मानलें त्याला वर्गांत पोर समजावयाचें, हा विसंगतपणा नव्हे काय ?

याच्या उलट उदाहरण अमेरिकेंतील आहे, आणि तें आमच्या शिक्षकांनीं अवश्य समजून घ्यावें. दक्षिण कॅरोलायना संस्थानांत मतदारयादींत नांव घालावयाचें तर संस्थानाच्या घटनेंतील उतारा वाचून दाखवावा लागे. ही अट काळ्या लोकांस मतापासून दूर ठेवण्याचें हत्यार होती. तेथील जॉन्स बेटावर इसो जेंकिन्स नांवाचा एक खटपटी मनुष्य होता. बेटावरच्या मजुरांना तो आपल्या बसगाडींतून चार्ल्स्टन शहरीं कामावर नेई आणि वाटेंत त्यांना घटनेचीं कलमें समजावून सांगे. त्याच्या उतारूंपैकीं अ‍ॅलिस वाइन या बाईनें तो मजकूर तोंडपाठ केला. परंतु तिला वाचावयास येत नव्हतें, आणि तिला वाचावयासच शिकावयाचें होतें. जेंकिन्सनें टेनेसींतील हायलँडर या संस्थेशीं आधींच संबंध जोडला होता. त्या संस्थेच्या सेप्टिमा क्लार्क यांनीं १९५७ च्या जानेवारींत बेटावर वर्ग उघडविला आणि शिक्षिका म्हणून बर्निस रॉबिन्सन यांना नेमलें. या बाई केशभूषेचा धंदा करीत, शिवणकाम करीत. शिक्षकीचें शिक्षण त्यांनीं घेतलें नव्हतें. आणि म्हणूनच त्यांना नेमलें होतें. पट्टीच्या मास्तराला मोठ्या माणसांस लहान करण्याची जी संवय जडलेली असते ती यांना नसेल, असा चालकांचा हिशेब होता.

रॉबिन्सनबाई पहिल्या दिवशीं मुलांच्या पहिल्या इयत्तेचें साहित्य बरोबर घेऊन गेल्या. वर्गांतील प्रौढ माणसें पाहतांच हें साहित्य येथें चालावयाचें नाहीं हें त्यांनीं ओळखलें आणि तें बाजूला ठेवलें. मी तुमची मास्तरीण नव्हे, आपण मिळून शिकूं, अशा अर्थाचें त्यांनीं सांगितलें व प्रत्येकास विचारलें कीं, तुम्हांला काय शिकावयाचें आहे ? उत्तरें साधीं होतीं. कोणास स्वतःचें नांव लिहावयाचें होतें, कोणास बायबल वाचावयाचें होतें, कोणास टपालानें माल मागविण्याचा किंवा मनिऑर्डरीचा कागद भरावयाचा होता. तेच कागद धडे झाले. भिंतीवर त्यांनीं मानवी हक्कांचा जाहीरनामा टांगला आणि वर्गाच्या शेवटीं हा तुम्हांला वाचतां यावा असें सांगितलें. वर्ग भरे तो एका दुकानाच्या मागच्या खोलींत. पुढें दुकान यासाठीं कीं गोऱ्यांना संशय येऊं नये. त्या एका खोलींतून निघालेले 'नागरिकत्वाचे वर्ग' पुढें दक्षिणेंतील अनेक संस्थानांत पसरले आणि त्यांतून मतदार तयार झाले. ज्या वर्गांत जाणें धोक्याचें होतें तो भरला. आमचा वर्ग निर्धोक असून ओस पडतो. फरक कोठें आहे हें आम्हीं फोडून सांगावयास नको.

ब्राझील देशांतील पाउलो फ्रेरी यांनीं १९६३ सालीं आंजिकोस या गांवीं सुमारें तीनशें मजुरांना शिकविलें तेंही याच तत्त्वावर. आधीं लोकांत राहावें, त्यांच्या तोंडचे वजनदार शब्द वेंचावे, आणि 'वीट' या एका शब्दावरून घर कोणाचें, भट्टी कोणाची, मजुरी किती, इथपर्यंत बोलणें न्यावें. त्या देशांत निरक्षरास तेव्हां मत नव्हतें. १९६४ सालीं लष्करानें राज्य बळकाविलें आणि फ्रेरी तुरुंगांत गेले. अक्षर शिकविणाऱ्यास तुरुंग कां, असा प्रश्न ज्यांना पडेल त्यांनीं आमचे सुप्याचे रोखे आठवावे.

परंतु ही विद्या परदेशांतून आणावयाची आहे असें कोणीं समजूं नये. जोतीराव व सावित्रीबाई यांनीं पुण्यांत १८५५ सालीं शेतकरी व मजूर यांच्यासाठीं रात्रशाळा काढली, ती दिवसाचें काम सांभाळूनच. आणि प्रौढांस शिकविण्याच्या कलेंत गाडगेबाबांच्या तोडीचा आचार्य आम्हांस तरी ठाऊक नाहीं. १९५६ सालीं ते वारले. स्वतः अक्षरशत्रु, पण हजारोंचा समाज रात्र रात्र त्यांच्यापुढें बसे आणि पेंगत नसे. त्याचें कारण ते सांगत नसत, विचारीत. देव कोठें आहे, कर्ज काढून सण करावा काय, पोराला शाळेंत घालावें कीं नाहीं, असें विचारावयाचें आणि समाजाकडून उत्तर वदवून घ्यावयाचें. उत्तर गुळमुळीत आलें तर पुन्हां विचारावयाचें. ऐकणाऱ्याच्या तोंडून निघालेलें उत्तर त्याचें स्वतःचें होई, आणि स्वतःच्या शब्दाला मनुष्य बांधला जातो. आमच्या अध्यापन-विद्यालयांतून या कीर्तनाचा पद्धतशीर अभ्यास व्हावयास पाहिजे होता. ज्या विद्येस परदेशी नांव नाहीं तिच्याकडे आमचे पंडित वळत नाहींत, हें दुर्दैव.

केंद्र सरकारचा सध्यांचा कार्यक्रम २०२२ ते २०२७ या पांच वर्षांचा असून 'उल्लास' या नांवानें ओळखला जातो. पंधरा वर्षांवरील निरक्षरांस शिकवावयाचें काम त्यांत मुख्यतः विनावेतन स्वयंसेवकांवर सोंपविलें आहे. म्हणजे शिकविणारा कोणी पदवीधर मास्तर नसून शेजारची सून, कॉलेजांतला नातू किंवा पेन्शनर गृहस्थ. रॉबिन्सनबाईंची हकीकत वाचल्यावर हें वैगुण्य न वाटतां संधि वाटावी. अशा स्वयंसेवकांकरितां अनुभवी लोकांपासून ऐकलेल्या कांहीं गोष्टी आम्ही येथें नमूद करतों.

पहिली गोष्ट डोळ्यांची. चाळीस वर्षांनंतर जवळचें अक्षर पुसट दिसूं लागतें. आमच्या भाषेंत वाचण्याच्या चष्म्यालाच 'चाळिशी' म्हणतात, इतकी ही गोष्ट जुनी आहे. तरी प्रौढांच्या वर्गांत पाटी-पुस्तक वांटतात आणि चष्मा वांटीत नाहींत. कधींच न वाचलेल्या मनुष्यास आपल्याला दिसत नाहीं हें कळतही नाहीं. त्याला वाटतें आपल्याला येत नाहीं, आणि तो लाजून घरीं बसतो. पहिला धडा देण्यापूर्वीं डोळे तपासले तर गळती बरीच थांबेल, असें आमचें अनुमान आहे.

दुसरी हिशेबाची. शेतकरी माल घेऊन बाजारसमितींत येतो, आणि अडत्याच्या दुकानांतून त्याच्या हातीं पट्टी पडते. वजन, भाव, हमाली, तोलाई, हातीं आलेली रक्कम, इतकें त्यांत असतें. हीच पट्टी फळ्यावर लिहावी. बेरीज-वजाबाकी त्याला येते. तोंडीं येते, आणि पुष्कळदां शिकविणाऱ्याहून जलद येते, कारण जुन्या माणसांस अजून पावकी-निमकी पाठ असते. आधीं त्याची रीत त्याच्याकडून समजून घ्यावी आणि मग ती अंकांत कशी मांडतात तें दाखवावें. या क्रमानें वर्गांत पहिल्याच दिवशीं दोन शिक्षक होतात. बायकांच्या बाबतींत ओवीची गोष्ट अशीच. हेमा राईरकर व गी पॉयत्वां यांनीं महाराष्ट्रांतील गांवोगांव फिरून जात्यावरच्या एक लाखांहून अधिक ओव्या जमविल्या; त्या रचणाऱ्या व जपणाऱ्या बहुतेक निरक्षर. अशा बाईकडून तिचीच ओवी ऐकून ती मोठ्या अक्षरांत लिहून तिच्या हातीं द्यावी. तिला ती पाठ असतेच. कोणता शब्द कोठें बसला हें तिचें बोट आपोआप शोधूं लागतें.

तिसरी, वेळ कोणाच्या सोयीची हें शिकणाऱ्यांनीं ठरवावें. लावणी-कापणींत वर्ग बंद ठेवावा आणि तो पुन्हां कोणत्या तिथीस सुरू होईल हें सर्वांसमक्ष आधींच सांगावें. न सांगतां बंद पडलेला वर्ग पुन्हां भरत नाहीं. बाकी 'अहो-जाहो' नें बोलावें, चूक चारचौघांत दाखवूं नये, वगैरे गोष्टी कोणाही सुशील माणसास सांगाव्या लागूं नयेत.

ठाणें जिल्ह्यांत मुरबाड तालुक्यांतील फांगणें गांवीं योगेंद्र बांगर या शिक्षकांनीं ८ मार्च २०१६ रोजीं 'आजीबाईंची शाळा' काढली. गांवच्या शिवजयंतीच्या उत्सवांत शिवचरित्राचें वाचन चाललें असतां, आम्हांलाही वाचतां आलें असतें तर बरें होतें, असें वृद्ध स्त्रियांनीं म्हटलें, त्यावरून ही कल्पना निघाली. साठ ते नव्वद वयाच्या आज्या गुलाबी लुगडीं नेसून पाटी-दप्तर घेऊन शाळेंत जाऊं लागल्या. कोणी म्हणेल, या वयांत शिकून त्यांना कोणती नोकरी करावयाची आहे ? हा प्रश्न विचारणाऱ्यास शिक्षण म्हणजे काय तेंच कळलेलें नाहीं. मात्र आमच्या विवेचनाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही कीं, इच्छा आधीं आज्यांनीं बोलून दाखविली, आणि ती ऐकण्याइतका शिक्षकाचा कान तयार होता.

परीक्षेविषयीं मात्र आम्ही सुधारकी ठराविक मत देऊं शकत नाहीं. दीडशें गुणांची चांचणी घेऊन साक्षरतेचें प्रमाणपत्र देण्याची सध्यांची पद्धत आहे, आणि गुणांच्या मागें लागलें म्हणजे शिकविणें मरतें ही टीका बऱ्याच अंशीं खरी आहे. पण २०१८ सालीं केरळांत कार्त्यायनी अम्मा यांनीं वयाच्या शहाण्णवाव्या वर्षीं साक्षरतेच्या परीक्षेंत शंभरांपैकीं अठ्ठ्याण्णव गुण मिळविले, तेव्हां त्यांच्या चेहऱ्यावर जें तेज होतें त्याला कोणत्या तोंडानें नांवें ठेवावयाचीं ? ज्याला आयुष्यांत कोणींच परीक्षेस बसविलें नाहीं त्याला परीक्षा हा मानही असूं शकतो. ज्याला पाहिजे त्यानें बसावें. पण केवळ आंकडा फुगविण्यासाठीं कोणास ओढून बसवूं नये, एवढेंच आम्ही म्हणतों.

आतां आमच्या व्यापारी वाचकांशीं दोन शब्द. शिकलेला मनुष्य शिकलेल्या ठिकाणींच थांबत नाहीं. तमिळनाडूंतील पुदुक्कोट्टै जिल्ह्यांत १९९१ च्या सुमारास कलेक्टर शीला राणी चुंकत यांच्या कारकीर्दींत साक्षरतेबरोबर बायकांना सायकल शिकविली. हजारों बायका सायकलीवर बसल्या आणि त्यांचा बाजार, पाणी व काम यांचा सारा नकाशाच बदलला. आंध्रांत नेल्लूर जिल्ह्यांतील दुबगुंटा गांवीं वाचनाच्या पुस्तकांत दारूविरुद्ध एक होणाऱ्या बायकांची गोष्ट होती. ती वाचून तेथील बायकांनीं १९९२ सालीं खरोखरच दारूचें दुकान बंद पाडलें. ती आग राज्यभर पसरली आणि १९९३ सालीं सरकारला देशी दारूची विक्री बंद करावी लागली. उद्यां तुमच्या गाळ्यावरचा हमाल मजुरीची चिठ्ठी वाचील, शेतकरी पट्टींतील कपात एकेक कलम करून विचारील. हें तुम्हांस पत्करेल काय ? ज्यांना पत्करणार नाहीं त्यांनीं वर्गाच्या उद्घाटनास हार घेऊन येऊं नये. आमचा अनुभव मात्र असा कीं, सरळ व्यवहाराच्या पेढीस वाचणाऱ्या गिऱ्हाइकाचें भय नसतें. उलट तंटे कमी होऊन वकिलांचें उत्पन्न तेवढें घटतें, आणि तें नुकसान आम्ही सोसूं. ज्यांना पत्करेल त्यांनीं पैसे न देतां तीन गोष्टी कराव्या. दुकानाची ओसरी रात्रीं एक तास द्यावी. चिठ्ठी व पट्टी स्वच्छ मराठींत व मोठ्या अक्षरांत छापावी. आणि वर्गास जाणाऱ्या माणसास त्या दिवशीं उशिरां थांबवूं नये.

वर्ग संपल्यावर काय, हा प्रश्न उरतोच. सातारा जिल्ह्यांत १९५९ सालीं सुरू झालेली आणि पुढें सर्व राज्यांत नेलेली ग्रामशिक्षण मोहीम ही महाराष्ट्राची अभिमानाची गोष्ट. सबंध गांवानें साक्षर होण्याचा निश्चय करावयाचा, गांवच्याच शिकलेल्यांनीं शिकवावयाचें, आणि काम पुरें झालें म्हणजे 'ग्रामगौरव' समारंभ करावयाचा, अशी ती योजना. लोकांच्या मनांतील अभिमानास तिनें नेमका हात घातला होता. पण समारंभानंतर पुष्कळांचें अक्षर पुन्हां पुसलें गेलें, कारण हातीं वाचावयास कांहीं आलें नाहीं. आमच्यासारख्या वर्तमानपत्रांचा यांत मोठा दोष आहे. नवसाक्षरास आमचीं वाक्यें लांब पडतात आणि टाईप बारीक. म्हणून येत्या सोमवारपासून चौथ्या पृष्ठावर एक स्तंभ मोठ्या टाईपांत व सोप्या वाक्यांत देण्याचें आम्हीं ठरविलें आहे. त्यांत बाजारभाव, पावसाचें मान, सरकारी अर्जांच्या मुदती आणि एक गोष्ट, इतकें असेल. ज्या वर्गांस तो स्तंभ पाहिजे असेल त्यांच्या चालकांनीं कचेरींत कळवावें. त्या पृष्ठाच्या जादा प्रती त्यांना मोफत पाठविल्या जातील.